सात मिनिटं पुढे

माझा मामा घड्याळजी आहे. जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात, डोळ्याला भिंग लावून, चाळीस वर्षं तो लोकांची घड्याळं दुरुस्त करतो आहे. दुकान इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला रस्त्यावर उभं राहावं लागतं. मामाचं बोलणं कमी, हसणं त्याहून कमी, आणि त्याच्या तोंडून कौतुक ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. वाईट म्हणाल तर मुळीच नाही. पण गेल्या वर्षी त्याच्या पोटात असं काही दुखायला लागलं, की अख्ख्या गल्लीला कळलं.

दुखण्याचं कारण माझी मामी, आणि तिच्याबरोबर गाणारा औषधवाला. आणि खरं सांगायचं तर थोडीशी मीसुद्धा, कारण काडी मी लावली होती.

मी वाचनालयात काम करते. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत आमच्या वरच्या मजल्यावरच्या वाचनाच्या खोलीत गाणं असतं. गाणारे सगळे आसपासचेच. पोस्टातल्या दोघी बहिणी, चष्म्याच्या दुकानाचा मालक, शाळेतला शिपाई. ऐकणारेही आसपासच्या कचेऱ्यांतले आणि दुकानांतले. आपापला डबा आणायचा, गुडघ्यावर ठेवून जेवायचं आणि ऐकायचं. टाळ्या नाहीत, कारण हात खरकटे. गाणं रंगलं हे आम्हाला वेगळ्याच खुणेनं कळतं: डब्यातले चमचे थांबतात. ऐंशी माणसं तोंडातला घास चावायचा विसरून बसली आहेत, हे एकदा बघितलं की टाळ्यांचं काही वाटत नाही.

वाद्यं नाहीत, माइक नाही, मोबाइल दाराशी टोपलीत टाकायचे. सुरुवात माणसं बसली की होते. शेवट मात्र घड्याळावर. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात पावणेदोन वाजले, की गाणारा ओळीच्या मध्यावर असला तरी थांबतो आणि सगळे उठतात, कारण दोनच्या ठोक्याला प्रत्येकाला आपापल्या खुर्चीत असायचं असतं. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण कुणी मोडलेलाही नाही.

त्या घड्याळाची देखभाल मामाकडे. चावी तो देतो, तेल तो घालतो, आणि त्यावर दुसऱ्या कुणी बोट ठेवलेलं त्याला खपत नाही. त्याची पत एवढी, की ज्या थोड्या लोकांच्या मनगटावर अजून घड्याळ आहे, त्यांचं आणि भिंतीवरच्याचं जुळलं नाही तर ते आपलंच मनगट झटकतात.

आता मामी. मामी दवाखान्याच्या शिलाईखोलीत आहे. फाटक्या चादरी, पडदे, डॉक्टरांच्या कोटांची तुटलेली बटणं, सगळं तिच्या हातून जातं. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनखोलीचे पडदे शिवायला द्यायला मी तिच्याकडे गेले होते. दार लोटलेलं होतं. आत तीन मशिनं धडधडत होती आणि त्या धडधडीच्या वर एक आवाज चढलेला होता, मोकळा, भरलेला, कुणाची भीडभाड न ठेवणारा. मला वाटलं रेडिओ लागलाय. दार ढकललं तर मामी. मला बघितल्याबरोबर तिनं ओठ मिटले आणि चोरी पकडल्यासारखी सुईत दोरा ओवायला लागली.

मी लहानपणी सुट्टीत मामाकडेच असायची, पण तिला असं गाताना कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कुठून? संध्याकाळी मामा घरीसुद्धा काम घेऊन बसायचा. बायकांची इवलीशी घड्याळं, त्यातली केसासारखी स्प्रिंग चिमट्यात धरलेली. मामी स्वयंपाकघरात काही म्हणायला लागली की तो म्हणायचा, "हळू." रागानं नाही, नुसतं हळू. पुढे तेवढंही म्हणायची गरज उरली नाही. त्यानं एक बोट वर केलं की झालं.

मी मामीला गुरुवारी गायला बोलावलं. तिनं आधी कानांवर हात ठेवले, मग महिनाभर आढेवेढे घेतले आणि शेवटी म्हणाली, "एकटी नाही हं गाणार. बरोबर कुणी असेल तर बघू." बरोबरचा माणूस म्हणून मिळाला औषधवाला. दवाखान्यासमोर त्याचं दुकान, आवाज खर्जातला, मऊ. साठीचा गृहस्थ, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, खिशात नातवंडांचे फोटो. दोघांचं जमलं. पहिल्याच गुरुवारी चमचे थांबले, आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी घड्याळाचा पट्टा बदलायला गेलं आणि मामाला सांगून आलं, "काय गातात हो दोघं! एका जिवानं गातात."

एका जिवानं! हा शब्द मामाच्या जिव्हारी लागला तो कायमचा.

तेव्हापासून औषधवाल्याचं नाव मामाच्या तोंडी "कफ सिरप" झालं. "गोड आणि चिकट," तो म्हणायचा, "घशाखाली गेलं की झोप येते." डोकं दुखलं तर तो चार गल्ल्या ओलांडून दुसऱ्या दुकानातून गोळी आणायचा. आठवड्यातून दोनदा दाढी करणारा माणूस रोज करायला लागला. मामी शिलाईखोलीतल्या सरावाहून आली की तो कामातून मान न उचलता विचारायचा, "आज किती वेळ चाललं?" ती म्हणायची, "अर्धा तास." मग पाच मिनिटांनी, "तो उभा राहून गातो की बसून?" मग आणखी थोड्या वेळानं, "जवळ उभा राहतो?"

"अहो, मध्ये कापडाचं टेबल असतं," मामी म्हणायची. "आणि शिवणाऱ्या चार बायका असतात."

तेवढ्यानं कुणाचं समाधान झालं असतं. मामाचं नाही. तो मला दुकानात बोलावून घ्यायचा आणि आडून आडून चौकशी करायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "मामा, तू स्वतः येऊन का नाही बघत? पाच मिनिटांवर तर आहे."

"मला नाही बघायचं," तो म्हणाला. "ती त्याच्याकडे बघून हसते म्हणे सूर लागला की. माझ्याकडे बघून कधी हसली ते मला आठवत नाही."

मला त्याची कीव आली आणि रागही आला. आणि लपवून काय करू, थोडा हेवासुद्धा वाटला. मी उद्या कुणाही माणसाबरोबर गच्चीवर चढून गायले तरी आमच्या घरी नवरा पेपरचं पान उलटेल, एवढंच. माझ्यासाठी कुणाच्या अंगाचा असा तिळपापड झालेला नाही. मामीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "घेऊन जा की मग त्याला, तुझ्याकडे ठेव चार दिवस."

या सगळ्यात एक गुरुवार आला. आठवडाभर आधी मी नेहमीसारखी फळ्यावर यादी लावली. शेवटचं नाव मामी आणि औषधवाला, सात मिनिटं. शेवटची जागा मानाची, कारण डबे संपत आलेले असतात आणि माणसं नीट ऐकत असतात. मामानं ती यादी वाचली. चावी द्यायला आला होता तेव्हा फळ्यासमोर चष्मा पुसत किती वेळ उभा होता, ते मी पाहिलं होतं.

मामाला जे माहीत नव्हतं ते असं. सोमवारी औषधवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "या वेळी वहिनींना एकटीला गाऊ द्या. त्यांचा आवाज आता माझ्या आधारावर नाहीये. मीच मध्ये मध्ये येतो." मामी हो म्हणायला दोन दिवस लागले. मग तिनं एक गाणं काढलं, तिच्या आईकडून शिकलेलं, लग्नाआधीचं. शिलाईखोलीत तिनं ते मला म्हणून दाखवलं तेव्हा चारही बायकांनी मशिनं बंद केली होती.

"मामाला सांगू?" मी विचारलं.

"त्यांना काय सांगायचं? ते येतायत थोडेच," मामी म्हणाली. पण गुरुवारी तिनं ठेवणीतली साडी नेसली होती.

त्या दिवशी पाऊण वाजता मामा वाचनालयात हजर. दुकान बंद करून आला होता. म्हणाला, "लंबक जरा लंगडतोय असं वाटतं, बघतो." मी स्टूल आणलं, धरलंसुद्धा. तो वर चढला, काच उघडली, पाठ माझ्याकडे करून काहीतरी केलं आणि उतरला. मग शेवटच्या रांगेत, खांबाच्या कडेला जाऊन बसला. मामी आज एकटी गाणार आहे, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण जिन्यावर माणसांची पावलं वाजायला लागली, आणि मला वाटलं, बसू दे, कळेल त्याचं त्याला. तो गाणं ऐकायला आला आहे याचाच मला केवढा आनंद झाला होता.

पोस्टातल्या बहिणी गायल्या, चष्मेवाले गायले, शिपाई गायला. शेवटची पाळी आली तेव्हा घड्याळात पावणेदोनला एक मिनिट कमी. आधीच्यांनी वेळ खाल्ला असं वाटून मी शिपायाकडे रागानं पाहिलं, बिचाऱ्याची काही चूक नसताना.

मामी पुढे आली. औषधवाला पहिल्या रांगेतच बसून राहिला. मी मामाकडे बघितलं. त्याची मान ताठ झाली होती आणि तो औषधवाल्याच्या टकलाकडे असा बघत होता, जणू तो आता उठेल, मग उठेल. तो उठला नाही. मामीनं खोलीभर नजर फिरवली, शेवटच्या रांगेपर्यंत, आणि गायला सुरुवात केली.

ते गाणं तेच होतं, पण आवाज तो नव्हता. शिलाईखोलीत मी ऐकलेला तो मोकळा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ती बारीक, जपून, शेजारच्या खोलीत कुणी निजलं असावं अशी गात होती. मागच्या रांगांना शब्द पोचत नव्हते. चमचे चालूच होते. दुसऱ्या ओळीवर काटा पावणेदोनवर आला आणि माणसं उठली. कुणी उद्धटपणे नाही, वाकून, डबे छातीशी धरून, माफी मागितल्यासारखी. पण उठली. ऐंशी पाठी मामीसमोरून दाराकडे निघाल्या आणि ती ओळीच्या मध्यावर थांबली. नियमच होता. तिनं हात जोडले, हसलीसुद्धा.

"वहिनी, पूर्ण करा. आम्ही आहोत," औषधवाला म्हणाला.

"नको. वेळ झाली," मामी म्हणाली.

एवढ्यात दाराशी गलका झाला. टोपलीतून मोबाइल उचलले होते आणि जो तो दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावत होता. "अरे, एक अडतीसच झालेत!" "माझ्यातपण!" काही हसले, काही जिन्यात अर्ध्यावर थांबले, पण उठलेली माणसं पुन्हा बसत नाहीत. एकजण जाता जाता म्हणाला, "घड्याळजींचं घड्याळ पुढे जायला लागलं की हो. म्हातारं झालं ते, बदला आता." आमच्या ग्रंथपालबाई त्यावर म्हणाल्या, "खरंच, एखादं सेलवालं आणू. कटकट नाही."

खोलीत आम्ही पाचच जण उरलो होतो. मामी, औषधवाला, ग्रंथपालबाई, मी आणि खांबाशेजारी मामा. मामा गप्प राहिला असता तर सगळं घड्याळावर ढकललं गेलं असतं. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. पण चाळीस वर्षांच्या घड्याळजीसमोर त्याच्या हातच्या घड्याळाला कुणी म्हातारं म्हटलं होतं, आणि ते त्याला सोसवेना.

"घड्याळ बरोबर आहे," तो उठून म्हणाला. "त्याला काही झालेलं नाही. सात मिनिटं मी पुढे केली होती."

ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्या स्टुलाकडे. ते धरणारी मीच होते.

"का?" मामीनं विचारलं.

मामाचा चेहरा लाल झाला होता. तो मामीला नाही, औषधवाल्याला उद्देशून बोलला. "तुम्ही दोघं गाता ते मला बघवत नाही. लोक म्हणतात एका जिवानं गातात. यादीत दोघांचं नाव होतं. म्हटलं, आज तरी नको. मला काय माहीत ती एकटी गाणार आहे."

औषधवाला उभा राहिला. उघडा डबा त्यानं तसाच खुर्चीवर ठेवला. "घड्याळजी, मला नुसतं सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी सोडलं असतं गाणं." आणि तो खरंच सोडणारा माणूस होता, हे मामाला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

"तुम्ही काही सोडायचं नाही," मामी औषधवाल्याला म्हणाली. मग मामाकडे वळली. "मी आत्ता कोणतं गाणं म्हणत होते?"

मामा घड्याळाकडे बघायला लागला.

"दोन ओळी तर झाल्या होत्या. काय होते शब्द?"

"माझं लक्ष... मी याच्याकडे बघत होतो," मामा म्हणाला.

"तेच म्हणते मी." मामीचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "यांचा हेवा करून काय उपयोग? यांना माझ्यापेक्षा स्वतःच्या खर्जाची काळजी जास्त. हेवा करायचाच तर समोर डबे घेऊन बसणाऱ्यांचा करा. तो बँकेतला, ती तिकिटाच्या खिडकीवरची, त्या सगळ्यांनी माझं गाणं ऐकलंय. दीड वर्ष, दर गुरुवारी. तुम्ही एकदाही नाही."

मामानं स्टूल ओढलं, वर चढला, काटे मागे घेतले आणि खाली उतरून म्हणाला, "पुढच्या गुरुवारी येतो. नीट पुढे बसतो. घड्याळाला हात लावणार नाही."

मला वाटलं, चला, मिटलं एकदाचं. पण मामीनं मान हलवली.

"नका येऊ."

"आता काय केलं मी? चूक कबूल केली ना?"

"घड्याळाचं सोडा हो. त्याचा मला राग नाही." ती खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "मी गायला उभी राहिले आणि तुम्ही मागे दिसलात. मला इतकं बरं वाटलं, की म्हटलं, आज घसा फुटेस्तोवर गाते. आणि तोंड उघडलं तर आवाज आपोआप खाली गेला. तुम्ही बोटसुद्धा वर केलं नव्हतं. तीस वर्षांची सवय आहे, माझ्या हातात नाही ती. तुम्ही समोर असलात की मला हळूच गाता येतं. काटे दोन तास मागे नेलेत तरी लोक उठलेच असते."

एवढं बोलून ती पिशवी उचलून निघाली, कारण दोनला तिलाही तिच्या मशीनवर बसायचं होतं.

त्या वेळी मामाचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. नंतर तो दुकानात गेला आणि त्या दिवशी त्यानं एकही घड्याळ उघडलं नाही, एवढं मला शेजारच्या चपलावाल्यानं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी शेवटची जागा पुन्हा मामीची होती, एकटीची. मामा आला नाही म्हणून मी जरा निर्धास्त झाले. मामीनं खोलीभर नजर फिरवली, शेवटच्या रांगेतला खांब बघितला, आणि गायला लागली. आता तो शिलाईखोलीतला आवाज होता. औषधवाला डोळे मिटून बसला होता. मी दाराला टेकून उभी होते.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. कचेरीतला एक कारकून उशिरा पोचला होता, हातात डबा. मी दार अर्धवट उघडलं. जिन्याच्या वळणावर, भिंतीला पाठ लावून मामा उभा होता. मला वाटतं तो पहिल्या गाण्यापासून तिथेच असावा. दार बंद असलं की तिथे फार तर सूर पोचतो, शब्द नाही. उघड्या दारातून मामीचा आवाज एकदम बाहेर गेला आणि मामानं मान वर केली. मी हातानं विचारलं, येतोस का, मागे उभा राहा, तिला दिसणार नाहीस. त्यानं नको म्हटलं.

कारकून "माफ करा, माफ करा" करत माझ्या बाजूनं आत घुसला, रिकामी खुर्ची शोधत. मी दार लावायला घेतलं. फटीतून मामा दिसत होता. त्या कारकुनाच्या पाठीकडे तो अशा नजरेनं बघत होता, की औषधवाल्याकडेही त्यानं कधी तसं बघितलं नव्हतं.